गृहपाठ नावाचा सारा

मऊरानीपूर हे नाव महाराष्ट्रातील वाचकाने सहसा ऐकलेले नसते. झाशीहून खजुराहोच्या दिशेने निघाले की साठ-पासष्ट किलोमीटरवर सुखनई नदीच्या काठी हे तहसिलीचे गाव लागते. झाशी-मानिकपूर रेल्वेमार्गावर त्याचे स्टेशन आहे. हिंदीतील ऐतिहासिक कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांचा जन्म १८८९ मध्ये इथे झाला. 'झाँसी की रानी' ही त्यांची कादंबरी १९४६ ची. एके काळी मऊचा खारवा, म्हणजे आलाच्या मुळांच्या रंगात रंगवलेले तांबडे कापड, दूरदूरच्या बाजारांत जात असे. आता शेजारच्या रानीपुरात टेरीकॉट विणले जाते. गावाची भरभराट झाली तीही मोठी बोधप्रद रीतीने. अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपूरच्या राजाच्या जबर वसुलीला कंटाळून तिथले व्यापारी आणि सावकार पळून मऊला येऊन वसले, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. वसुली असह्य झाली की रयत हद्द ओलांडते, हे प्रशासनाचे फार जुने ज्ञान आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, काही महिने माझ्याकडे या भागाचे काम होते. भाद्रपदात मऊरानीपूरला जलविहाराचा मोठा मेळा भरतो. मंदिरांतील मूर्ती नदीवर नेल्या जातात, आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात आणि अधिकाऱ्याला दोन-तीन रात्री झोप नसते. त्या वर्षी मेळ्याच्या पहिल्याच संध्याकाळी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा हरवल्याची वर्दी आली. मेळ्यात मुले हरवतातच. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारणे, घाटावर माणसे पाठवणे, नदीत पाहणे, सारे यथासांग झाले. मुलाचे आजोबा विणकर होते. वडील कामासाठी सुरतेला. आई आणि आजोबा कोतवालीच्या ओट्यावर रात्रभर बसून होते. आजोबांनी एकदाही आवाज चढवला नाही, फक्त कोणी शिपाई नदीकडून आला की ते उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की मुलगा हरपालपूर स्टेशनवर सापडला आहे. म्हणजे पॅसेंजर गाडीत बसून तो शेजारच्या राज्यात, छत्रपूर जिल्ह्यात पोचला होता. ज्या दिशेकडून दोनशे वर्षांपूर्वी वसुलीला भिऊन लोक मऊला आले, त्याच दिशेला हा मुलगा मऊहून पळाला. मेळ्यात चुकला असेल ही आमची कल्पना साफ खोटी ठरली. तो मेळ्याला गेलाच नव्हता. त्याला समोर बसवून, लाडू देऊन, मी विचारले की बाळा, का गेलास? बराच वेळ तो बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "काम पूरो नईं हतो."

काम म्हणजे गृहपाठ. तो एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत होता. मेळ्याच्या सुट्टीसाठी म्हणून शाळेने प्रत्येक विषयाच्या धड्यांची प्रश्नोत्तरे पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगितली होती, शिवाय वीसपर्यंतचे पाढे पाच वेळा, शिवाय इंग्रजी सुलेखनाची वही. त्याआधीच्या आठवड्यातही काम अपुरे राहिले म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे केले होते आणि वडिलांना घेऊन ये असे बजावले होते. वडील सुरतेला. मुलाने त्याच्या परीने सरळ तोड काढली होती. गाडीत बसले की सुरत येते, असे त्याला वाटत होते.

त्याची आई नंतर म्हणाली की गेले दोन महिने रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखते. सरकारी दवाखान्यात दोनदा दाखवले. डॉक्टरांनी सांगितले, पोटात काही नाही. डॉक्टर खरेच सांगत होते.

आता मी काय केले ते सांगतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. मी त्या शाळेच्या व्यवस्थापकांना बोलावून कडक शब्दांत समज दिली. नंतर माझ्या हद्दीतील सर्व शाळांना उद्देशून एक आदेश काढला, की प्राथमिक वर्गांना लेखी गृहपाठ देऊ नये आणि अपुऱ्या गृहपाठासाठी मुलांना शिक्षा करू नये. असा आदेश काढण्याचा मला कितपत अधिकार होता हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीही नाही. पंधरा दिवसांत सर्व शाळांकडून अनुपालनाचे अहवाल आले. एकही शाळा मागे राहिली नाही. माझी छाती फुगली. महिन्याभराने एका शाळेत सहज गेलो आणि मुलांच्या डायऱ्या उघडल्या. गृहपाठाचे रकाने खरोखरच कोरे होते. एका मुलीला विचारले, तर ती निरागसपणे म्हणाली, आता मॅडम काम तोंडी सांगतात, डायरीत लिहायचे नाही असे सांगितले आहे. माझ्या आदेशाचा एकमेव परिणाम असा झाला होता, की गृहपाठ तेवढाच राहिला आणि त्याचा पुरावा नाहीसा झाला. विसरभोळ्या मुलांची तर आणखीच पंचाईत झाली.

हा प्रसंग मी अनेक वर्षे विनोद म्हणून सांगत असे. आता तो मला विनोदी वाटत नाही.

गृहपाठाविषयी आपल्या देशात नियम नाहीत असे कोणी समजू नये. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना १९८९ मध्ये आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांविषयी बोलले. सभागृह हेलावले म्हणतात. त्यानंतर १९९२ मध्ये केंद्र शासनाने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुलै १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. हा अहवाल आकाराने लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि सरकारी अहवालांत दुर्मिळ असा स्पष्टपणा त्यात आहे. दप्तराच्या वजनाने मुले वाकतात हे खरे, पण त्याहून घातक ओझे न समजण्याचे आहे, असे तो सांगतो. ज्याचा अर्थ लागत नाही ते लिहीत राहणे, पाठ करीत राहणे, हा खरा भार. म्हणून समितीने म्हटले की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नसावाच. घराच्या आसपासचे काही पाहून, शोधून यायचे असेल तेवढे असावे. वरच्या वर्गांना गरज असेल तिथे द्यावा, पण तो पाठ्यपुस्तकातील उतारे उतरवण्याचा नसावा. शासनाने अहवाल स्वीकारण्याआधी तो व्यवहार्य आहे काय हे तपासायला आणखी एक गट नेमला. आमच्या खात्यांची ही रीत वाचकांना परिचित असेलच.

मऊचा तो मुलगा पळाला तेव्हा हा अहवाल येऊन काही वर्षे झाली होती. माझ्या आदेशात मी त्याचा उल्लेख केला नव्हता, कारण तो अस्तित्वात आहे हे मला माहीत नव्हते. तो मी पुष्कळ नंतर वाचला. जिल्ह्यात कोणाला तो माहीत असावा अशी चिन्हे मला दिसली नाहीत.

त्यानंतर २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षही यशपालच होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली, आणि कलम २९ ने मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणे हा अभ्यासक्रमाचाच निकष ठरवला. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा निकाल दिला आणि त्याच वर्षी केंद्राने तशा सूचना राज्यांना पाठवल्या. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने तर मोजमापच ठरवून दिले. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, त्यापुढे दिवसाला दोन तास. वाचकांनी कृपया तिसरी ते पाचवीचा आकडा पुन्हा वाचावा. दोन तास दिवसाला नव्हेत, आठवड्याला.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा मऊरानीपूरला गेलो होतो. एका ओळखीच्या घरी उतरलो. घरातील चौथीतली मुलगी सायंकाळी सहाला वह्या घेऊन बसली ती जेवायला उठली आणि पुन्हा बसली. मी घड्याळ लावून पाहिले. अडीच तास. रोजचेच आहे, असे घरचे म्हणाले. सहा दिवसांचे पंधरा तास. धोरणात दोन.

एवढा लखलखीत नियम आणि एवढे उघड उल्लंघन, मग ते कोणाला दिसत कसे नाही? याचे उत्तर मला माझ्या नोकरीने दिले आहे. प्रशासनाला तेच दिसते ज्याला रकाना असतो. माझ्या हाती वर्षानुवर्षे शाळा-तपासणीचे जे नमुने पडले, त्यांत स्वच्छतागृह होते, आवारभिंत होती, पाण्याची टाकी होती, गणवेश होता, हजेरीपट होता, रंगकाम कोणत्या वर्षी झाले हेही होते. मुलाने काल घरी किती वेळ लिहिले आणि त्यातले त्याला काय समजले, याचा रकाना मी कधी पाहिला नाही. म्हणून तपासणीला गेलेला अधिकारी टाकीवर चढतो, वही उघडत नाही. खाजगी शाळेत तर तो मान्यतेचे कागद पाहून चहा घेऊन परततो.

दप्तराच्या वजनाचे तेवढे नशीब बरे, कारण वजन काट्यावर चढते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे असा निर्णय काढला. पुढे २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला, म्हणजे वेगळ्या वह्या न्यायला नकोत. मुले पुस्तकेही नेत राहिली आणि वह्याही, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मध्यंतरी २०२२ मध्ये तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी गृहपाठ बंद करण्याचा विचार बोलून दाखवला होता, त्यावर आठवडाभर वर्तमानपत्रांतून चर्चा झाली आणि विषय मिटला. कोऱ्या पानांच्या प्रयोगाला मी हसत नाही, हेतू चांगलाच होता. पण दप्तर जड का होते, हा प्रश्न त्यात कोणी विचारला नाही. दप्तर जड होते कारण उद्या सहा विषयांचा गृहपाठ दाखवायचा असतो.

गृहपाठ या शब्दाचाच विचार करू. आपण मराठीत पाठ म्हणतो, हिंदीत गृहकार्य म्हणतात. हिंदी शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात पाठाचा आव नाही, काम आहे. पण दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे गृह. त्या गृहात एक बसण्यापुरती शांत जागा आहे, दिवा आहे, आणि इंग्रजी वा निदान प्रमाण हिंदी वाचता येणारे, सायंकाळी मोकळे असलेले एक प्रौढ माणूस आहे. मऊ-रानीपुरातल्या किती घरांत हे तीनही एकत्र सापडेल? बुंदेलखंडातून माणसे दिल्लीला, सुरतेला, पंजाबला कामाला जातात. मुले आजी-आजोबांजवळ असतात. ज्या घरात माग आहे तिथे सायंकाळी नळ्या भरायला मुलांचाही हात लागतो. अशा घरावर शाळा रोज अडीच तासांचे काम लादते. यालाच मी सारा म्हणतो. शाळेने दिवसभरात जे शिकवायचे ते शिकवले नाही, त्याची तूट घराकडून वसूल करायची. ज्या घरात ऐपत आहे तिथे आई-वडील तो भरतात. जिथे नाही, तिथे इजारदार उभा राहतो. त्याचे नाव ट्यूशन.

'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पहिली ते आठवीच्या मुलांपैकी ३०.५ टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात असल्याचे आढळले. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.४ टक्के होते. ग्रामीण भारतात, पहिली ते आठवीत, जवळजवळ तिसरे मूल! माझ्या त्या परिचित घरीही ट्यूशन आहे. मी एक दिवस तिथे जाऊन बसलो. एका खोलीत वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या वर्गांची वीसेक मुले होती. शिकवणारा तरुण स्वभावाने चांगला होता, स्पर्धापरीक्षांची तयारी करीत होता. तो काय शिकवत होता? काहीच नाही. तो मुलांचा गृहपाठ उरकून देत होता. कोणत्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात कुठून कुठपर्यंत आहे तिथे पेन्सिलीने खुणा करीत होता, आणि मुले त्या दोन खुणांमधला मजकूर उतरवत होती. म्हणजे शाळेची फी भरायची, मग शाळेने दिलेले काम संपवण्यासाठी दुसऱ्याला फी भरायची, आणि या साऱ्या व्यवहारात मुलाला समजावे अशी जबाबदारी कोणाचीच नाही. महसूल खात्यात असा व्यवहार उघडकीस आला असता तर चौकशी लागली असती.

आणि त्या वह्या तपासतो कोण? साधा हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. तीस वह्या, एका वहीला दोन मिनिटे, म्हणजे एका विषयाला एक तास. पाच विषय असतील तर पाच तास. हे तीस मुलांच्या आदर्श वर्गाचे झाले. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात काय होते ते पालकांना माहीत आहे. पानाच्या कोपऱ्यात एक लाल टिक आणि तारीख. मी परवा पाहिलेल्या वहीत एक चुकीचे उत्तर पाच वेळा लिहिलेले होते आणि पाचांवर पाच टिका होत्या. मुलीने अडीच तास दिले, शिक्षिकेने त्याला अर्धा मिनिटही दिला नाही. मी शिक्षिकेला दोष देत नाही. तिच्या पगाराचा आकडा ऐकलात तर तुम्हीही देणार नाही. सरकारी शाळांतील शिक्षकांची गोष्ट आणखी निराळी. मी स्वतः त्यांना मतदारयाद्यांच्या आणि निवडणुकीच्या कामाला जुंपले आहे, कायद्याने ती मुभाही आहे, आणि बुडालेल्या तासांचे काय झाले हे मी कधी विचारले नाही. ते तास घरी गेले, दुसरे कुठे जाणार?

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला आपल्याच लोकांचा. आम्ही लहानपणी पाढे म्हटले, शुद्धलेखन लिहिले, आमचे काय बिघडले? बिघडले नाही, कारण ते हे नव्हते. दिवेलागणीला परवचा म्हणायचा तो आजोबांसमोर, दहा-पंधरा मिनिटे, चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचे, आणि त्याला उद्या वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा जोडलेली नव्हती. शुद्धलेखनाच्या पाच ओळी असत. त्या काळाचे मला गोडवे गायचे नाहीत, छड्याही आम्हीच खाल्ल्या आहेत. पण पाच ओळी आणि पंधरा पाने यांना एकच नाव आहे म्हणून ती एकच वस्तू होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गृहपाठाशिवाय अभ्यासाची सवय कशी लागणार? याबाबत संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि यश यांचा बऱ्यापैकी संबंध दिसतो, लहान वर्गांत तो फार क्षीण आहे, असा त्याचा निष्कर्ष. तेव्हा नववी-दहावीच्या मुलाने घरी बसून गणिते सोडवू नयेत असे मी म्हणत नाही, सोडवलीच पाहिजेत. मात्र वरच्या वर्गांतही मर्यादा आहेच. कॅलिफोर्नियातील दहा नामांकित हायस्कुलांतील ४,३१७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सरासरी तीन तासांहून अधिक गृहपाठ असलेल्या या मुलांपैकी ५६ टक्क्यांनी गृहपाठ हाच ताणाचा मुख्य स्रोत असल्याचे सांगितले. झोप कमी, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी हेही त्यात आहे. पोटाच्या तक्रारींपाशी मी थांबलो. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२२ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची जी पाहणी केली तीत चिंतेचे कारण म्हणून ५० टक्क्यांनी अभ्यास आणि ३१ टक्क्यांनी परीक्षा व निकाल सांगितले. ही सहावी ते बारावीची मुले. चौथीतल्या मुलाला कोणी विचारलेच नाही. ते आपले पोटाने सांगते.

हुकूम काढून हे थांबत नाही, हे मऊच्या अनुभवाने मला शिकवले आणि जगाचा अनुभवही तोच आहे. फ्रान्सने १९५६ मध्ये प्राथमिक वर्गांना लेखी गृहपाठ देण्यास मनाई केली. ती सूचना पुढे अनेकदा नव्याने काढावी लागली, यावरूनच ती कितपत पाळली गेली ते समजावे. चीनने जुलै २०२१ मध्ये फार मोठा दंडा उगारला. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ बंद, तिसरी ते सहावी साठ मिनिटे, सातवी ते नववी नव्वद मिनिटे, आणि शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी. शिकवण्या लपूनछपून आणि अधिक महाग दराने चालू राहिल्याच्या बातम्या लवकरच आल्या. परीक्षेची भीती तशीच ठेवून मिनिटे मोजली की असे होते. आपण तर मिनिटेही मोजत नाही, फक्त छापतो.

मग करायचे काय? माझ्या मते मर्यादा मुलाच्या वेळेवर घालून उपयोग नाही, ती देणाऱ्याच्या वेळेवर घालावी. शिक्षकाने तेवढाच गृहपाठ द्यावा जेवढा तो स्वतः वाचू शकेल, आणि वाचल्याची खूण म्हणून टिक नव्हे, एक तरी शब्द लिहिलेला असावा. हा नियम आपोआप चालतो. त्याला घड्याळ लागत नाही, डायरी लागत नाही, अनुपालनाचा अहवाल लागत नाही. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याने कोणत्याही पाच वह्या उघडाव्यात. ज्या पानावर फक्त टिक आहे, ते पान मुलाचे नव्हे, शाळेचे उल्लंघन समजावे. मग त्या मुलाला शेजारी बसवून विचारावे, हे तू लिहिले आहेस, मला सांग. वीस मिनिटांचे काम आहे. मी हे माझ्या उमेदीच्या काळात केले असते तर बरे झाले असते. मला तेव्हा आदेश काढण्याची हौस होती.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांशी एक गोष्ट मुद्दाम बोलायची आहे. झाशीत, ग्वाल्हेरला, इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे मी जवळून पाहिली आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी किंवा बुंदेली, आणि आता वहीत इंग्रजी. या घरांतून मराठी टिकली ती शाळेमुळे नव्हे, संध्याकाळमुळे. आजी भाजी निवडताना जे बोलते, जेवताना जी गोष्ट निघते, रामरक्षा म्हणताना ज्या जिभेला वळण लागते, त्यामुळे. झाशीच्या एका परिचित घरात आजी नातवाला म्हणाली, "बस रे जरा माझ्यापाशी." तर सून म्हणाली, "आई, त्याचं होमवर्क राहिलंय." सून वाईट नव्हती, घाबरलेली होती. बंगळूरला, दुबईला, न्यू जर्सीला याहून वेगळे काय घडते? रविवारी मराठी शाळेत दीड तास घालवायचा, आणि आठवड्याच्या साऱ्या संध्याकाळी दुसऱ्या भाषेतल्या गृहपाठाच्या हवाली करायच्या. नातवाला मराठी येत नाही म्हणून आपण हळहळतो. आजीच्या वाट्याची वेळ कोणी घेतली, ते पाहत नाही.

आणि आपणही निर्दोष नाही. शाळेची चौकशी करताना 'घरी अभ्यास भरपूर देतात ना?' हा प्रश्न मराठी मध्यमवर्गानेच प्रतिष्ठेचा केला. गृहपाठ कमी देणारी शाळा आपल्याला ढिली वाटते. मऊरानीपूरच्या त्या शाळांनी मला तेव्हा हेच सांगितले होते, की साहेब, काम कमी दिले तर पालक मुलांची नावे काढून घेतील. मी ते सबब समजून झिडकारले. ती सबब नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ज्या घरी उतरलो होतो ते घर त्याच मुलाचे, हे आता सांगायला हरकत नाही. तो आता पस्तिशीच्या पुढे गेलेला गृहस्थ आहे, बाजारात कापडाचे छोटे दुकान आहे. आजोबा राहिले नाहीत. चौथीतली मुलगी त्याची. मी त्याला म्हटले, "अरे, तू तर यापायी हरपालपूरला पळाला होतास, आठवते का?" तो हसला आणि म्हणाला, "साहब, सब पढ़ा रहे हैं। हम कैसे छोड़ दें?" दुकान बंद करून परत यायला त्याला रोज नऊ वाजतात. मुलीच्या आईला इंग्रजी वाचता येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मुलगी वही आणि डायरी घेऊन माझ्याकडे आली. डायरीत रोजच्या पानाखाली छापलेले असते की गृहपाठ पूर्ण झाला असून पालकांनी तो तपासला आहे, आणि त्याखाली सहीची जागा. वडील यायचे होते, तिला झोप येत होती, आणि सही नसली तर उद्या उभे राहावे लागते. "दादाजी, आप कर दीजिए।" मी वही उघडली. सात पाने होती. तिचे डोळे मिटत होते. मी वही मिटली, सही केली आणि खाली तारीख घातली.